एकही प्रत शिल्लक नाही

प्रा. हर्षद फणसोपकरांनी चहाचा कप तोंडाशी नेला आणि तसाच बशीत ठेवला. वर्तमानपत्राच्या तिसऱ्या पानावर कमाल मुकादम हसत होते. त्यांच्या हातात सोनेरी अक्षरांचं जाडजूड पुस्तक होतं आणि खाली बातमी होती : 'प्रा. मुकादम यांच्या ग्रंथाचे तीस वर्षांनी दिल्लीहून पुनर्मुद्रण.'

"नम्रता, हे बघ! शिंपले!"

"आणलेत? मग साफ पण तुम्हीच करा," आतून आवाज आला. "मला आज वेळ नाही."

नम्रताबाईंना वेळ नव्हता आणि फणसोपकरांना धीर नव्हता. ते पेपर घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यावरच्या खवलेल्या नारळाशेजारी मुकादमांना ठेवून उभे राहिले.

"अय्या, भावजी छान आलेत की फोटोत! बारीक झालेत," नम्रताबाई म्हणाल्या. एखाद्या माणसाच्या जखमेवर मीठ चोळायचं तर निदान मुद्दाम तरी चोळावं. बाईंनी ते अगदी सहज चोळलं.

फणसोपकर आणि मुकादम निवृत्त होईपर्यंत एकाच कॉलेजात तीस वर्षं शिकवत होते. फणसोपकर अर्थशास्त्र, मुकादम प्राणिशास्त्र. एकाच स्कूटरवरून जायचे, स्टाफरूममध्ये एकाच टेबलावर डबा खायचे, एकमेकांच्या मुलांच्या लग्नांत पंगतीला वाढायला उभे राहायचे. पण १९९५ साली एक घोटाळा झाला. दोघांचीही पुस्तकं एकाच महिन्यात निघाली. मुकादमांचं 'रत्नागिरीच्या खाड्यांतील शिंपले' आणि फणसोपकरांचं 'चिरेखाणींचे अर्थकारण'. आधी त्यानं आपलं पुस्तक भेट द्यावं, मग आपण देऊ, असं दोघांनीही ठरवलं आणि तीस वर्षं दोघंही आपल्या शब्दाला जागले. स्कूटर चालू राहिली, डबा चालू राहिला, पुस्तकांबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही.

आणि आता हे! फणसोपकरांना चहा कडू लागला. शिंपल्यांत एवढं काय आहे? शिंपला उघडा, आतलं खा, संपला. चिऱ्याचं तसं आहे का? अख्खी रत्नागिरी जांभ्या चिऱ्याच्या भिंतींत राहते. मुकादमांचं घरसुद्धा चिऱ्याचंच होतं, शिंपल्यांचं नव्हतं.

दुपारपर्यंत त्यांनी दिल्लीच्या त्या कंपनीची यादी मोबाइलवर धुंडाळून काढली. जुनी अभ्यासाची पुस्तकं पुन्हा छापायची हा तिचा धंदा. हत्तींचे रोग, नाणेशास्त्र, तागाची लागवड, तिबेटी वैद्यक, मंदिरांची जोती, टोळधाड, भूकंपमापन, काय वाट्टेल ते. जगात एवढं ज्ञान आहे आणि त्यात चिरे नाहीत, ही गोष्ट फणसोपकरांना देशाच्या दृष्टीनं लांच्छनास्पद वाटली. त्यांनी फोन लावला.

पलीकडचे गुप्ताजी फार गोड बोलले. पुस्तक जरूर छापू म्हणाले. फक्त एक अट. कंपनी दुर्मिळच पुस्तकं छापते, तेव्हा आपल्याकडे पुस्तकाची एकही प्रत शिल्लक नाही, असं लेखकानं स्टँपपेपरवर लिहून द्यायचं.

"और छपाई?" फणसोपकरांनी विचारलं.

"सर, हमारे यहाँ जैसा है वैसा छपता है. एक बिंदी भी इधर-उधर नहीं."

फणसोपकर खूश झाले. पण फोन ठेवल्यावर त्यांची नजर दिवाणाखाली गेली आणि चेहरा पडला. पाचशे प्रती छापल्या होत्या. त्यातल्या काही वाचनालयांत गेल्या, काही सत्कारांत वाटल्या आणि उरलेल्या तीनशेच्या वर प्रती तीस वर्षं दिवाणाखाली मुक्कामाला होत्या. नम्रताबाईंचा केरसुणीचा हात दिवाणाखाली जायचा आणि अर्थशास्त्राला आपटून परत यायचा.

"तुमचं पुस्तक दुर्मिळ कुठंय?" बाई म्हणाल्या. "कंबर वाकवली की दिसतं."

दुसरा कुणी असता तर त्यानं खुशाल खोटं लिहून दिलं असतं. दिल्लीहून कोण येतंय दिवाणाखाली बघायला? पण फणसोपकर सरळ माणूस. कॉलेजातल्या खडूचा तुकडासुद्धा खिशात आला तर दुसऱ्या दिवशी परत नेऊन ठेवणारे. खोटं प्रतिज्ञापत्र त्यांच्या हातून होणं शक्य नव्हतं. त्यांनी खऱ्या प्रतिज्ञापत्राची तयारी सुरू केली.

शेजारच्या आवारात बाळा पावसकरची आंब्याची शेड होती. एप्रिलचे दिवस. पेट्या भरायचं काम धडाक्यात चाललेलं. फणसोपकरांनी कुंपणावरून हाक मारली.

"बाळा, पेटीत घालायला कागद हवाय का?"

बाळा आला, दिवाणाखाली डोकावला, एक पान दोन बोटांत धरून चोळून बघितलं आणि त्याचे डोळे लकाकले.

"सर, ह्या कागदाला तोड न्हाय. पेपरची शाई आंब्याला लागते वो. तुमची शाई बघा, तीस वर्सं झाली तरी जागची हलली न्हाय."

पुस्तकाचं एवढं सविस्तर कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. फणसोपकरांना भरून आलं. संध्याकाळपर्यंत दिवाणाखालची जमीन दिसायला लागली. राहता राहिली काचेच्या कपाटातली एक प्रत. ती त्यांची स्वतःची, कापडी बांधणीची.

"ती तरी राहू द्या हो," नम्रताबाई म्हणाल्या.

"'एकही प्रत' असं लिहून द्यायचंय. एकही म्हणजे एकही."

"अहो, पण स्वतःची?"

"स्वतःची काय प्रत नसते?"

यावर बाईंनी कपाळाला हात लावला. तीही प्रत कुंपणावरून गेली आणि फणसोपकरांनी ताठ मानेनं वकिलाकडे जाऊन सही ठोकली.

आठवड्यानं एक फोन आला. डोंबिवलीहून सानवी नावाच्या कुणी बाई बोलत होत्या. पेटीवरच्या नंबरवरून त्यांनी बाळाला गाठलं होतं आणि बाळानं सरांचा नंबर दिला होता.

"सर, पेटीत सत्त्याऐंशी ते नव्वद पानं निघाली. आमचे सासरे वाचत बसले. ते विचारतायत, त्या खाणमालकाचं पुढे काय झालं? एक्क्याण्णव पान कुठल्या पेटीत असेल?"

तीस वर्षांनी वाचक भेटला होता, आणि तोही पुढचं पान मागणारा. फणसोपकरांनी कुंपणापाशी धाव घेतली. पण बाळाच्या शेडमध्ये एक्क्याण्णव पान कुठून सापडणार? सगळं पुस्तक वाशीच्या वाटेला लागलेलं. सासऱ्यांनी बिचाऱ्यांनी आणखी दोन पेट्या मागवल्या. त्यांत प्रस्तावना निघाली.

या आनंदात चार दिवस गेले आणि पाचव्या दिवशी गुप्ताजींचा निरोप आला. प्रतिज्ञापत्र मिळालं, मंजूर आहे. आता छपाईसाठी पुस्तकाची एक मूळ प्रत ताबडतोब पाठवावी.

फणसोपकरांनी निरोप तीनदा वाचला. मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला. नम्रताबाई शेजारी उभ्या राहून वाचत होत्या. त्यांनी फक्त रिकाम्या काचेच्या कपाटाकडे बघितलं, आणि त्या बघण्यापेक्षा चार शब्द ऐकवले असते तर परवडलं असतं.

शोधाशोध सुरू झाली. सत्कारांत वाटलेली प्रत कुणाकडेच सापडेना. गावातल्या वाचनालयात प्रत होती, तिला वाळवीनं खाऊन टाकलं होतं. मग फणसोपकर आपल्या जुन्या कॉलेजात गेले. ग्रंथपाल तेजस्वी सुर्वेनं जुनी नोंदवही काढली.

"आहे सर! एक प्रत आहे. म्हणजे होती. ऑगस्ट शहाण्णवला दिलेली, परत आली नाही."

"कुणाला दिलेली?"

तेजस्वीनं बोट ठेवलं. बोटाखाली नाव होतं : कमाल मुकादम.

फणसोपकरांच्या टाळूपर्यंत आग गेली. म्हणजे हा माणूस आपलं पुस्तक घेऊन गेला आणि तीस वर्षं दाबून बसला! का? कॉलेजातल्या एकाही पोरानं ते वाचू नये म्हणून! आपल्या शिंपल्यांना धोका नको म्हणून! एवढा जळका माणूस आपल्या मागे स्कूटरवर बसत होता आणि आपण पेट्रोल भरत होतो!

तरीही अडला हरी. ते मुकादमांकडे गेले. शरीफाभाभींनी सरबत दिलं. मुकादम टेबलावर नव्या पुस्तकाच्या पाच प्रती उभ्या करून बसले होते, येणाऱ्याला सोनेरी बाजू दिसेल अशा.

"कमाल, माझं पुस्तक तुझ्याकडे आहे."

मुकादमांचा चेहरा एकदम उतरला. "कोण म्हणतं?"

"नोंदवही म्हणते. मला दे. दिल्लीला पाठवायचंय. माझंही निघतंय म्हटलं पुनर्मुद्रण."

"देतो की. पण... चार दिवस थांब."

"चार दिवस कशाला?"

"जरा साफसूफ करतो. धूळ बसलीय."

"धूळ मी झटकीन."

"नाही नाही, मीच करतो," मुकादम म्हणाले आणि त्यांना घाम आला. फणसोपकरांनी तो घाम बघितला आणि ओळखला. मत्सराचा घाम. गेले पंधरा दिवस तो त्यांना स्वतःलाच येत होता, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही.

चार दिवसांचे आठ झाले. गुप्ताजी रोज आठवण करत होते आणि मुकादम रोज 'उद्या' म्हणत होते. नवव्या दिवशी फणसोपकरांनी वेळ साधली. मुकादम रोज सकाळी मिरकरवाड्याच्या बंदरावर जात. मासळी घ्यायला नव्हे, जाळ्यांत नवीन काय शिंपले अडकले ते बघायला. ते गेल्याबरोबर फणसोपकर त्यांच्या दारात हजर.

"भाभी, कमालनं माझं पुस्तक द्यायला सांगितलंय," ते म्हणाले. आयुष्यातली ही त्यांची पहिली थाप. स्टँपपेपर नसल्यामुळे जमून गेली.

"बरं झालं, न्या बाबा एकदाचं," शरीफाभाभी म्हणाल्या. "आठ दिवस दार लावून बसतायत त्याच्यासोबत. काय करतात अल्ला जाणे. जेवायला हाक मारली तरी येत नाहीत."

फणसोपकर आत गेले. पुस्तक टेबलावर पडलं होतं आणि त्याच्याभोवती काळपट, बारीक चुरा सांडला होता. वाळवी! वाचनालयातल्या प्रतीचं झालं तेच इथंही होणार! जगातली शेवटची प्रत डोळ्यांदेखत संपत होती. त्यांनी पुस्तक भाभींनी दिलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलं, त्यांच्याकडूनच डांबराच्या चार गोळ्या मागून त्यात टाकल्या, सुतळीनं करकचून गाठ मारली आणि बाहेर पडले. कोपऱ्यावर समोरून मुकादम येताना दिसले. फणसोपकर एका बोळात शिरले आणि मागच्या वाटेनं थेट कुरियरच्या दुकानात पोचले. पिशवी होती तशी पाकिटात गेली.

दुपारी मुकादमांचा फोन आला. "हर्षद, पुस्तक कुठाय?"

"दिल्लीच्या वाटेवर."

"उघडून बघितलंस?"

"कशाला बघू? मीच लिहिलंय ते."

"बरं," मुकादम म्हणाले आणि फोन ठेवला. फणसोपकरांना वाटलं, जळला. पार कोळसा झाला. त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले.

मग त्यांनी समारंभ ठरवला. मुकादमांचा फोटो नुसता तिसऱ्या पानावर आला होता, फणसोपकरांना तर सभागृह हवं होतं. प्रमुख पाहुणी म्हणून त्यांचीच जुनी विद्यार्थिनी आणि आता अर्थशास्त्र विभागाची प्रमुख झालेली डॉ. मनस्वी भाटकर. पहिल्या रांगेत मधोमध एक खुर्ची ठेवून तिच्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं चिठ्ठी चिकटवली : प्रा. मुकादम. माणूस जळताना नीट दिसला पाहिजे.

पुस्तकं समारंभाच्या दिवशी सकाळी आली. काय रूप! हिरवी कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं, आणि अक्षरं मुकादमांच्यापेक्षा एक रेघभर मोठी. फणसोपकरांनी पट्टी लावून बघितली. मग नाव, अर्पणपत्रिका आणि आपली प्रस्तावना वाचून डोळे पुसले. कॉलेजचा शिक्का आणि परतीच्या तारखेची चिठ्ठीसुद्धा छापून आली होती. जैसा है वैसा. तेवढं चालायचंच.

संध्याकाळी सभागृह भरलं. मुकादम आपल्या खुर्चीवर बसले होते, पण त्यांची नजर सारखी दाराकडे जात होती. मनस्वी बोलायला उभी राहिली.

"सरांच्या या ग्रंथातला एक उतारा मी वाचून दाखवते. पान एक्केचाळीस." तिनं पान उघडलं, घसा साफ केला आणि थांबली. "सर, समासातल्या टिपा पण वाचू?"

"टिपा?" फणसोपकर म्हणाले. त्यांना टिपा आठवेनात. पण टिपा असलेलं पुस्तक जास्त विद्वान दिसतं. "वाच ना!"

"'जांभ्या दगडाच्या उत्खननातील श्रमविभागणी ही ज्या ऐतिहासिक, भौगोलिक व सामाजिक परिस्थितीतून...'" मनस्वी वाचत गेली, वाचतच गेली, आणि मग समासाकडे वळली. "इथं टीप आहे : 'हे वाक्य संपणार कधी?'"

सभागृहात खसखस पिकली. फणसोपकर दचकून उभे राहिले. मनस्वीला वाटलं, सरांनी स्वतःचीच थट्टा केलीय. तिनं उत्साहानं पान उलटलं.

"पान त्रेपन्न. 'खाणमजूर हा स्वभावतः समाधानी असतो.' टीप : 'याला कुणी सांगितलं? खाणीत उतरला होता का कधी?' पान अडुसष्ट, 'तक्ता फिरवून धरला तरी कळत नाही. चहा घेऊन पुन्हा बघणे.'"

आता हसू आवरेना. मागच्या रांगेतला बाळा तर मांडीवर थापा मारत होता. फणसोपकरांनी एक प्रत ओढून घेतली. ते तिरकं, मुंगीएवढं अक्षर! तीस वर्षं उत्तरपत्रिका शेजारी बसून तपासताना पाहिलेलं. पहिल्या चाळीस पानांचे समास कोरे आणि एक्केचाळीसपासून पान पान भरलेलं. त्यांना तो टेबलावरचा चुरा आठवला. ती वाळवी नव्हती. खोडरबर होता. हा पद्धतशीर माणूस पान एकपासून क्रमानं पुसत आला होता, आणि एक्केचाळीसला आपण पुस्तक पळवलं.

मुकादम खुर्चीवरून उठले आणि वाकून, लोकांच्या पायांवर पाय देत दाराकडे सरकू लागले.

"कमाल, खाली बस!" फणसोपकर गरजले. "पळतोस कुठं? मनस्वी, थांबू नकोस. शेवटपर्यंत वाच. कळू दे सगळ्यांना, याच्या पोटात काय होतं ते!"

"हर्षद, शेवटचं पान नको," मुकादम दारातून म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की सभागृह गप्प झालं.

"शेवटचंच वाच आता!"

मनस्वीनं शेवटचं, दोनशे बारावं पान काढलं. वाचलं. मग ती फणसोपकरांपाशी आली आणि उघडं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. मजकूर संपतो त्याच्या खाली, त्याच मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं : 'दुसऱ्यांदा वाचून संपवलं. पुस्तक चांगलं आहे. मला असं लिहिता येत नाही. ही गोष्ट फणसोपकरला मरेपर्यंत कळू द्यायची नाही. पुस्तक परत करायचं नाही.'

"वाचा की सर!" मागून कुणीतरी ओरडलं.

फणसोपकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दारात मुकादम भिंतीला टेकून उभे होते. चिऱ्याची भिंत.

"काही नाही," फणसोपकर म्हणाले. "छपाई पुसट आहे. वाचता येत नाही." आणि त्यांनी पुस्तक मिटून काखेत धरलं.

नंतर चहाच्या वेळी दोघंही एकाच बशीतली बिस्किटं खात उभे होते. "दोनशे बारा पान वाचलंस?" मुकादमांनी विचारलं. "म्हटलं ना, पुसट आहे," फणसोपकर म्हणाले. मग ते आपल्या स्कूटरवरून मुकादमांना घरी सोडायला गेले.

इथं गोष्ट संपली असती तर फणसोपकर सुधारले असं म्हणता आलं असतं. पण पंधरा दिवसांनी गुप्ताजींचा फोन आला. पुस्तक जोरात चाललं होतं! डोंबिवलीच्या सासऱ्यांनीच पाच प्रती मागवून ओळखीच्यांत वाटल्या होत्या. लोकांना टिपा फार आवडल्या होत्या. तर पुढच्या छपाईत मुखपृष्ठावर 'टिपा : प्रा. कमाल मुकादम' असं घालायचं का? त्याच मापाच्या अक्षरांत?

पुस्तक आपलं, चिरे आपले, आणि नाव याचं? त्याच मापात? फणसोपकर ताडकन उठले आणि कपाटातल्या शब्दकोशांच्या मागे हात घालून त्यांनी खाकी वेष्टनातलं एक पुस्तक बाहेर काढलं. 'रत्नागिरीच्या खाड्यांतील शिंपले', १९९५. नम्रताबाईंना ते तिथं आहे हे तीस वर्षं माहीत होतं. त्या शब्दकोश पुसायच्या, पण मागे हात घालत नसत.

"गुप्ताजी, मुकादमच्या पुस्तकाची एक वेगळी प्रत पाठवतो. तिच्यातही टिपा आहेत. माझ्या! त्याच्याहून जास्त आहेत. पुढची आवृत्ती तिच्यावरून काढा, आणि माझं नाव त्याच मापात घाला. एक रेघ मोठं झालं तरी चालेल."

पाठवण्याआधी त्यांनी पुस्तक चाळलं. 'शिंपल्याचे चौदा प्रकार? आम्हाला दोनच माहीत. एक मोठा, एक लहान.' 'हा माणूस खाडीत बसून काय करतो?' 'चित्र चांगलं, मजकूर कशाला?' वाचताना त्यांना स्वतःलाच हसू आलं. मग ते शेवटच्या पानावर आले आणि हसू थांबलं. त्यांनी टेबलाच्या खणातून खोडरबर काढला.

"काय पुसताय?" नम्रताबाईंनी दारातून विचारलं.

"काही नाही."

ते बराच वेळ खोडरबर हातात धरून बसले. तीस वर्षांपूर्वीची पेन्सिल होती, अक्षर अगदी फिकट झालं होतं. दिल्लीच्या यंत्राला ते दिसलंही नसतं. फणसोपकरांनी खोडरबर खणात ठेवला, शाईचं पेन काढलं, आणि 'मुकादम, हे मला जमलं नसतं' ही ओळ एकेक अक्षर गिरवून ठळक केली.